माळवस्तीवरचा राउटर

दगडाबाईंनी ताट पुन्हा एकदा सरकवून दिलं आणि सुरेखाचं डोकं फिरलं.

सासू म्हणून दगडाबाई वाईट नव्हत्या. जन्मापासून कानाने ऐकू येत नाही, म्हणून तोंडाने बोलणंही नाही. पण हात असे चालायचे, की भांडायला लागल्या तर समोरच्याला श्वास घ्यायची सोय राहायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा सुरेखाला वाटलं होतं, न बोलणारी सासू मिळाली, आपण नशीब काढलं. महिन्याभरात तो भ्रम फिटला.

त्या घराची हातांची एक भाषा होती. ती कुठल्या शाळेत शिकवलेली नव्हती, चुलीपुढे नि गोठ्यात आपोआप तयार झालेली होती. डाव्या भुवईवरून बोट फिरवलं की तो अभिमन्यू, दगडाबाईंचा मुलगा आणि सुरेखाचा नवरा, कारण लहानपणी बैलगाडीच्या जुवावर आपटून त्याच्या भुवईला खोक पडली होती. मनगटावर टिचकी मारली की सुरेखा, कारण आली तेव्हा हातभर बांगड्या घालून आली होती. आणि दोन्ही तळहात एकमेकांवर थापले की भाकर. हात थापून भुवया उंचावल्या की ‘जेवलास का?’ जेवलेलं असेल तर समोरच्यानेही तसेच दोन्ही हात थापायचे. अभिमन्यू रानातून आला की उंबऱ्यातूनच आईला हात थापून दाखवायचा, मग चपला काढायचा.

दरवर्षी दसरा झाला की अभिमन्यू आणि सुरेखा ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. यंदा मात्र जायच्या तोंडावर दगडाबाई गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. पाय हलवायचा नाही, बाजेवरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग सुरेखा मागे राहिली आणि अभिमन्यू आपल्या चुलतभावाला, सतीशला, जोडीला घेऊन कर्नाटकात गेला.

घर माळवस्तीवर. धारूरच्या डोंगरकडेचं गाव ओढ्याच्या अल्याड, आणि पल्याड माळावर चार घरं, तीच माळवस्ती. मोबाइलची रेंज यायची ती फक्त बांधावरच्या चिंचेखाली, तीही बोलण्यापुरती. फोटो यायचा झाला तर चाक फिरत राहायचं आणि माणसाची मान अवघडायची. तरी सुरेखा रोज दुपारी चिंचेखाली जाऊन नवऱ्याचा फोन घ्यायची. “बरा हाय. तू कशी हायस? आई कशीय?” एवढं झालं की परत येऊन सासूला हातांनी सांगायची: तो ठीक आहे, काम चालू आहे, जेवतो.

आणि इथेच घोडं अडलं होतं. सुरुवातीला सतीश अधूनमधून अभिमन्यूचे फोटो पाठवायचा. मग ते बंद झाले. सुरेखाने फोनवर कावकाव केली तेव्हा परवा एक फोटो आला. उसाच्या फडाजवळ अभिमन्यू हसत उभा. तिने मोठ्या उत्साहाने तो सासूला दाखवला. दगडाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला आणि मग दारामागच्या खुंटीकडे बोट केलं. खुंटीवर अभिमन्यूचा निळ्या पट्ट्यांचा सदरा लटकत होता. फोटोतल्या अभिमन्यूच्या अंगातही तोच होता.

“आता काय बोलावं या माणसाला,” सुरेखा स्वतःशीच पुटपुटली. नवरा आळशी आहे, नवा फोटो काढायचा कंटाळा केला आणि मागच्या साली काढलेला पाठवला, एवढाच तिने अर्थ लावला. तसं हातवारे करून सांगितलंही. दगडाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग हाताच्या पंजाने कपाळ पुसलं आणि पुढे दोन्ही हातांनी जवळ बोलावल्यासारखं केलं. येतोय, येतोय.

कपाळ पुसणं म्हणजे सासरे, सर्जेराव. ते असेच तोडीला गेले होते आणि उसाच्या ट्रॉलीखाली सापडले. तेव्हा वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून दगडाबाईंना हातांनी सांगितलं होतं की तो येतोय, बरा आहे, येतोय. बाईला धक्का बसू नये म्हणून. दगडाबाईंनी भाकरी केल्या, तोंडी लावायला कोरड्यास केलं आणि दारात बसून राहिल्या. मग जीप आली आणि तिच्यातून चादरीत गुंडाळलेले सर्जेराव उतरवले. कान नसलेल्या माणसाशी हातांनी खोटं बोलणं याच्याइतकं दुष्ट काम नाही, आणि ते केलं होतं सगळ्या चांगल्या माणसांनीच. त्या दिवसापासून दगडाबाई दुसऱ्याच्या हातांवर विश्वास ठेवत नव्हत्या. डोळ्यांनी बघतील तेवढंच खरं. आता तर त्यांनी जेवणच सोडलं होतं. पाण्याचे दोन घोट, चहा, बस्स. ऑपरेशन झालेली बाई, अंगात आधीच काही नाही. असंच चाललं तर हाड जुळायच्या आधी बाई हातची जायची.

सुरेखाने ताट उचललं, चुलीजवळ ठेवलं आणि सासूसमोर उभी राहिली. मनगटावर टिचकी मारली: मी. भुवईवरून बोट फिरवलं: तो. मग दोन बोटं आपल्या डोळ्यांपासून काढून दगडाबाईंच्या डोळ्यांकडे नेली: तुम्हाला दाखवते. इथे. बाजेवर.

दगडाबाईंनी तोंड फिरवलं. दाखवते म्हणे!

“दावतेच,” सुरेखा म्हणाली. तो आवाज दगडाबाईंना ऐकू गेला नाही, पण त्यातला फणकारा त्यांना पाठमोऱ्यासुद्धा कळला असावा.

फोटोने भागणार नव्हतं, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओनेही नाही. तो जुना असू शकतो, हे सासूबाईंना आता पक्कं ठाऊक झालं होतं. म्हाताऱ्या बाईने हात थापून विचारावं आणि पलीकडून लेकाने त्याच क्षणी हात थापून उत्तर द्यावं, तरच तिची खात्री पटणार. म्हणजे व्हिडिओ कॉल. आणि तोही बाजेजवळ, कारण बाज काही चिंचेखाली नेता येत नव्हती.

आता घरात एक डबा होता. दोनेक वर्षांपूर्वी एक खासगी कंपनी इंटरनेट द्यायला माळावर आली होती. तिने खांब रोवले, तार ओढली, घरोघर पांढरे राउटर बसवले आणि मग एके दिवशी ती कंपनी जी गायब झाली, ती झालीच. तारेवर आता लोक गोधड्या वाळत घालत. राउटरवर सुरेखाने अगरबत्तीचं घर ठेवलं होतं. डबा धडधाकट होता, दिवे लागायचे, पण चालू केला की एकच पान दाखवायचा: कंपनीचं चिन्ह, आणि नाव व पासवर्ड टाका. कंपनी मेली तरी डबा तिच्याच नावाने उंबऱ्यावर बसलेला. दुसऱ्या कुणाचं ऐकायलाच तयार नाही.

सुरेखा लग्नाआधी घाटनांदूरला मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायची. बंद पडलेल्या फोनला सॉफ्टवेअर मारलं की तो नव्यासारखा उठतो, हे तिने हज्जारदा पाहिलं होतं. फोनला मारता येतं तर या डब्याला का नाही? तिने चिंचेखाली जाऊन मामांना फोन लावला. मामांचं नाव शिवशंकर, स्वभाव नावासारखाच, कधी भोळा, कधी तिसरा डोळा.

“मारता येतंय की,” मामा म्हणाले. “जगातली माणसं मिळून असलं सॉफ्टवेअर करतात अन् फुकट देतात. ते टाकलं की डबा कंपनीचा राहत न्हाई, आपला व्हतो. दुसऱ्याचं वायफाय लांबून धरून आपल्या घरात बी पसरवतो. पण ऐक, डब्याच्या बुडाला मॉडेल लिव्हलंय, त्याच्या म्होरं बारीक अक्षरात आवृत्ती हाय. ती जुळली पायजे. दुसऱ्याचं मारलंस तर डबा मेला समज.”

“अन् मारताना लाइट गेली तर?”

“तरी मेला.” मामांनी पुढे आणखी काही सांगितलं, पण तेवढ्यात रेंज गेली.

धरायला वायफाय कुणाचं, याचं उत्तर समोरच होतं. ओढ्याच्या अल्याड, सुरेखाच्या दारासमोर, अर्जुनराव गुरुजींचं गच्चीचं घर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले अर्जुनराव गावातले एकमेव असे, ज्यांच्याकडे नवी लाइनही होती आणि लॅपटॉपही. त्यांचं घर हाकेच्या अंतरावर, मध्ये ना झाड ना भिंत. सुरेखाच्या मोबाइलला त्यांचं वायफाय ओढ्याच्या काठापर्यंत दिसायचं आणि चढ चढताना सुटायचं. मोबाइलचा जीव केवढा! डब्याला मात्र अँटेनाची दोन शिंगं होती.

शेजारच्या म्हातारीला सासूजवळ बसवून, राउटर पदराखाली धरून सुरेखा ओढा उतरली.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. “सुरेखा, अगं, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं म्हणजे वॉरंटी जाईल ना त्याची.”

“गुर्जी, कंपनीच गेलीया. वॉरंटी कुठं ऱ्हाती?”

“तरी नियम हाय तो.”

“डबा आमचा हाय. रोख मोजून घेतलाय. मग त्यात डोकं कुणाचं ठेवायचं ते आमी ठरवू.”

गुरुजींच्या पत्नी, साखराबाई, दारात गहू निवडत होत्या. त्या हातातलं सूप न थांबवता म्हणाल्या, “आवो, द्या तिला लॅपटॉप. दगडाबाई अन्न न्हाई घेत, अन् तुमी वॉरंटी घेऊन बसलाव.”

लॅपटॉप आला. सुरेखाने डबा उलटा करून आवृत्तीचा आकडा वाचला, गुरुजींना भिंग घेऊन वाचायला लावला, साखराबाईंनाही दाखवला. तिघांचं एकमत झाल्यावर त्याच आकड्याची फाइल उतरवून घेतली. पिवळी तार लॅपटॉपमधून डब्यात घातली. कंपनीच्या पानाच्या एका कोपऱ्यात ‘अपग्रेड’ म्हणून जागा होती, ती पासवर्ड न मागताच उघडायची. गंमत बघा, कंपनीनेच ठेवलेल्या दारातून आत जाऊन कंपनीलाच बाहेर काढायचं होतं.

“लाइटचं काय, गुर्जी? थ्री फेज कवा येती?”

थ्री फेज म्हणजे शेतीच्या मोटारींची वीज. ती एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. तेवढा वेळ सोडला तर घरातल्या दिव्यांपुरती सिंगल फेज असते. सिंगलची थ्री होताना लाइट क्षणभर डोळा मिचकावते, हे माळावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

“या आठवड्यात रात्रीची पाळी हाय,” गुरुजी ठामपणे म्हणाले. “परवा मीच पहाटं पिकाला पाणी मोडायला गेलतो. तू कर बिनधास्त.”

सुरेखाने बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. खाली लिहिलं होतं, वीज बंद करू नका. पट्टी अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढे गेली. आणि घरातला पंखा थबकला, बल्ब विझून पुन्हा लागला, आणि मागच्या मळ्यातून गुरुजींची मोटार घूं करून सुरू झाली. मोटार ऑटोवर टाकलेली होती. थ्री फेज आली की आपली आपण सुरू व्हायची.

सोमवार होता. पाळी बदलली होती. गुरुजींच्या डोक्यात मागचाच आठवडा चालू होता.

डब्यावरचे दिवे एकदम लागले, एकदम विझले, मग एकच दिवा मुक्याने उघडझाप करत राहिला. सुरेखाने बंद करून चालू केला. तेच. दहादा केलं. तेच. कंपनीचं पान गेलं होतं आणि नवं आलं नव्हतं.

“मेलं की गं,” गुरुजी हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. “माझ्यामुळं झालं.”

सुरेखाला रडू आलं. खरंखुरं, हुंदका देऊन. डब्याचं नव्हतं काही. सासूच्या डोळ्यांपुढे दोन बोटं नाचवून ‘दाखवते’ म्हणून आली होती, आणि आता रिकाम्या हाताने परत जायचं आणि पुन्हा हातांनी सांगायचं, उद्या दाखवते. त्या बाईने असं ‘उद्या’ एकदा पाहिलं होतं. साखराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. सुरेखा पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं आणि गुरुजींच्या फोनवरून मामांना फोन लावला.

“मगाशी तेच सांगत व्हतो, तर तुझा फोन कटला,” मामा तिसरा डोळा उघडून म्हणाले. “आगं, डबा पुरता मरत न्हाई. लई आत एक बारकं सॉफ्टवेअर असतंय, त्याला तू हातच लावला न्हाई. मागचं बटण दाबून धरायचं अन् मग करंट द्यायचा. ते बारकं जागं व्हतं अन् तारेवरनं इचारतं, माझ्यासाठी काय आणलंय का? तवा लॅपटॉपनं फाइल घेऊन दारात उभं पायजे. थोडा वेळ वाट बघतं अन् परत झोपतं. जमत न्हाई पयल्या दमात. सोडू नको.”

“सोडती कशाला?” सुरेखा म्हणाली.

पण पुन्हा लाइटने दगा दिला तर? थ्री फेज आता दिवसभर राहणार होती आणि मोटारी चालू-बंद होत राहणार होत्या. सुरेखा अंगणात आली. तिथे गुरुजींचा फवारणीचा पंप टेकवून ठेवला होता, पाठीवर घ्यायचा, बॅटरीचा. तिने अडॅप्टर उलटा करून पाहिला. बारा व्होल्ट. पंपाचं बूड पाहिलं. बॅटरी बाराचीच.

“गुर्जी, पंप लागतोय.”

“आगं, हरभऱ्यावर अळी पडलीया! उद्या फवारायचंय मला.”

“अळी एक दिस जास्ती खाईल. आमची म्हातारी तेवढी बी खाईना झालीया.”

गुरुजींनी स्वतःच पंपाचं झाकण उघडून दिलं. सुरेखाने एका भंगार अडॅप्टरची तार दातांनी सोलली, आत अधिक, बाहेर उणे, हे दुकानात पाठ झालेलं होतं, आणि दोन टोकं बॅटरीला जोडली. डब्याचा दिवा लागला. हा करंट आता ना महावितरणच्या हातात होता, ना मोटारीच्या.

मग झटापट सुरू झाली. पहिल्यांदा तिने बटण उशिरा दाबलं. दुसऱ्यांदा लवकर सोडलं. मग लॅपटॉपच्या आतला राखणदार, फायरवॉल, फाइल बाहेर जाऊच देईना. तो कुठून बंद करायचा, हे शोधताना गुरुजींनी चुकून सगळा पडदाच उलटा केला आणि तो सुलटा करण्यात चहा थंड झाला. बटण इतकं आत होतं की बोट पोहोचेना. साखराबाईंनी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. पिन टोचून टोचून सुरेखाच्या अंगठ्याला वळ पडला. दर वेळी तोच एक दिवा उघडझाप करायचा आणि ती दात खाऊन म्हणायची, “परत.” गुरुजी तार काढायचे, लावायचे. साखराबाई नुसत्या बघत होत्या, पण गहू निवडायचं कधीच थांबलं होतं.

आणि मग एकदा पिन दाबून धरलेली असताना लॅपटॉपवर एक ओळ उमटली. फाइल घेतली. डब्याने घेतली होती. मोटार मळ्यात घूं करत राहिली आणि या खेपेला तिच्या घुंघुंने कुणाचं काही बिघडलं नाही. डब्यावरचे दिवे एकामागून एक लागले आणि लागलेलेच राहिले. पडद्यावर नवं पान आलं. त्यावर कंपनीचं चिन्ह नव्हतं, कुणाचंच नव्हतं. फक्त विचारत होतं, पासवर्ड तुम्ही ठरवा.

“आमी ठरवतो बाबा,” सुरेखा त्याला म्हणाली आणि हसत सुटली.

आता डब्याला गुरुजींचं वायफाय धरायला सांगायचं होतं. “गुर्जी, तुमचा पासवर्ड?”

गुरुजी खाकरले. छताकडे बघू लागले. “मीच टाकतो ना.”

“माझ्या घरी परत लागंल. सांगा की.”

“साखरा,” गुरुजी पुटपुटले, “आणि पुढं लग्नाचं साल.” साखराबाईंनी घाईघाईने सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

गुरुजींनी आपला राउटर खिडकीत आणून ठेवला, माकडं नेतील म्हणत वर चाळणी पालथी घातली आणि सुरेखा ‘पत्र्यानं वायफाय अडतंय!’ म्हणून ओरडल्यावर ती काढलीही. मग सुरेखा पंपाची बॅटरी आणि डबा घेऊन ओढा चढली. दाराच्या चौकटीला, गावाच्या दिशेने तोंड करून, तिने सुतळीने डबा बांधला. बाजेवरून दगडाबाई सगळं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत विश्वास नव्हता, पण त्यांनी तोंडही फिरवलं नव्हतं.

मोबाइलवर घरातल्या घरात वायफायचा पूर्ण पंखा उमटला. त्या घरात पहिल्यांदाच. सुरेखाने थेट सतीशला व्हिडिओ लावला.

सतीशने घेतला. मागे उसाच्या पाचटाची खोप, धूर. “वहिनी? व्हिडिओ? तुमच्या माळावर?”

“यास्नी बलाव.”

“दादा… दादा जरा तिकडं गेलाय.”

“सतीश, आत्याबाई जेवत न्हाईत. मरायला टेकल्यात. आत्ता बलाव.”

पडदा हलला. कुणीतरी कुणाशी तरी दबक्या आवाजात बोललं. मग अभिमन्यू समोर आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण हसत. जिवंत, धडधाकट, भुवईवरच्या खोकेसकट. सुरेखाच्या अंगातला सगळा शीण उतरला. बघा म्हणावं! तिने मोबाइल सासूच्या समोर धरला, जवळजवळ नाकाला लावला.

दगडाबाईंनी लेकाला पाहिलं. बोट भुवईवरून फिरवलं. पलीकडून अभिमन्यूने मान हलवली. मीच. मग दगडाबाईंनी दोन्ही तळहात उचलले, एकमेकांवर थापले आणि भुवया उंचावल्या. जेवलास का?

अभिमन्यूने उजवा हात तोंडाकडे नेला. घास घेतल्यासारखं केलं. हसला.

“बघितलं न्हवं?” सुरेखा आनंदाने म्हणाली. “जेवले. बरे हायेत. उगा…”

दगडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा हात थापले. या वेळी जोरात. भाकर. पुन्हा अभिमन्यूने उजव्या हाताने घास घेतला. दगडाबाईंनी तिसऱ्यांदा थापले, आणि मग उजवा हात बाजूला ठेवून नुसता डावा पुढे केला, पडद्याकडे. हा कुठे आहे?

आणि मग सुरेखाला दिसलं. एवढी वर्षं त्या घरात वावरून, रोज उंबऱ्यात ते दोन हात वाजताना पाहूनही तिला दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. भाकर एका हाताने नसते. त्या घरात कधीच नव्हती.

“अवो,” तिचा आवाज चिरकला. “डावा हात दावा.”

“काय न्हाई गं. तू उगंच…”

“हात दावा मनते ना!”

अभिमन्यूने खाली पाहिलं. पलीकडे सतीशचा आवाज आला, “दाव दादा आता.” मग तो हात हळूहळू वर आला. मनगटापर्यंत पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला जिथे चार बोटं असायला हवीत तिथे दोनच.

“कोयता निसटला,” तो म्हणाला. “लई दिस झालं. दवाखाना झाला, आता भरत आलंय. आईला कळलं तर आधीच आजारी, ती खचंल मनून…”

सुरेखाला काय काय म्हणायचं होतं. रोज चिंचेखाली मान मोडून ‘बरा हाय’ ऐकलं त्याचं काय, तोच निरोप मी या बाईला रोज हातांनी सांगितला त्याचं काय. सगळ्या चांगल्या माणसांनी एकदा केलेलं तेच तिच्या हातून पुन्हा झालं होतं, तिच्या नकळत. ती भीतभीत सासूकडे वळली. आता काय होईल ते होवो.

दगडाबाई रडत नव्हत्या. त्यांनी सुरेखाच्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि पट्टीवर नजर रोखून खूप वेळ बघत राहिल्या. बोटाने खूण केली, वळव. अभिमन्यूने हात वळवून दाखवला. दुखतं का? थोडं. ताप? नाही. एकेक प्रश्न, एकेक उत्तर, त्याच क्षणी, डोळ्यांसमोर. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. दार उघडं ठेवून बसलेल्या माणसाने अखेर ते लावून घ्यावं, तसा.

मग त्यांनी मोबाइल उशीला टेकवून उभा केला. डावा हात गोधडीखाली लपवला. एकट्या उजव्या तळहाताने आपल्या छातीवर दोनदा थाप मारली आणि भुवया उंचावल्या.

अभिमन्यूला कळेना. त्यांनी पुन्हा थाप मारली. छातीवर, एका हाताने, भाकर थापतात तसा हात किंचित फिरवत.

पलीकडे अभिमन्यूचा चेहरा वेडावाकडा झाला. इतका वेळ रोखून धरलेला माणूस एकदम ढासळला आणि ढसाढसा रडत त्याने आपला धड हात आपल्या छातीवर थापला. दोनदा. जेवलो.

दगडाबाईंनी समाधानाने मान हलवली. मग त्या सुरेखाकडे वळल्या. मनगटावर टिचकी मारली, छातीवर थाप मारली आणि चुलीकडे बोट केलं. मगाचं ताट गार झालं होतं. त्यांना ताजी हवी होती.

सुरेखा उठली. चुलीत काटक्या सारल्या, परातीत पीठ घेतलं आणि डोळे पुसत दोन्ही हातांनी भाकर थापायला बसली. बाजेवर दगडाबाई अजून लेकाशी बोलत होत्या, आणि चौकटीला बांधलेल्या डब्याचे दिवे लागलेले होते.

त्या घरात तेव्हापासून भाकर एकाच हाताने मागतात.